गाडी जाम झाली तेव्हा

आमचे गाव चिखला, तालुका तुमसर. मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे गावाला लोक ओळखतात. आमच्या बाबांची सारी हयात त्याच खाणीत गेली. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची ग्रॅच्युइटी आणि आम्हा दोघा भावांची शिल्लक एकत्र करून आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. गोबरवाही, तुमसर, भंडारा अशी भाडी, लग्नसराईत वऱ्हाड आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमीची फेरी. दोन घरे त्यावर चालत. गाडी चालवायला आमच्या मावशीचा मुलगा होता.

ही गाडी मूळची विलायती. जर्मनीत ब्रेमेन येथे मर्सिडीज कंपनी अशी गाडी बनवीत असे. त्याच आराखड्यावरून बजाज टेम्पोने १९८७ साली ट्रॅव्हलर काढली. पुढे २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. तिकडच्या लोकांनी म्हणे तसल्या गाडीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून फिरते घरच केले. आमच्याकडे तेवढ्याच जागेत पंचवीस माणसे, वरून आहेराची भांडी!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाडी अंगणात उभी राहिली. मावसभाऊ आपल्या गावी निघाला तेव्हा बजावून गेला, "दादा, आठ दिवसांतून एकदा तरी गाडी सुरू करत जा." आम्ही हो म्हटले. पण भाडे नाही तर डिझेल कशाला जाळायचे, असा हिशेब केला. वरून ताडपत्री टाकली आणि निश्चिंत झालो. पावसाळा लागला. ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर येऊन भंडाऱ्यात हाहाकार झाला, तेव्हाही गाडी तशीच उभी. त्या वर्षी दीक्षाभूमीचा सोहळाही झाला नाही.

नोव्हेंबरात शेजारच्या मुलीच्या मंगल परिणयाचे भाडे आले. बॅटरी चार्ज करून आणली, सेल्फ मारला. खट्ट! पुन्हा मारला, पुन्हा खट्ट! इंजिन पुढे फिरेना. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून नुसते पाहिले आणि सांगितले, "इंजिन सीझ आहे. ड्रायव्हरने बिना तेलाची पळवली." खर्चाचा आकडा ऐकून आमचे पाय लटपटले. रात्रभर झोप नाही. सकाळी आम्ही मावसभावाला फोन केला आणि नको ते बोललो. तो एवढेच म्हणाला, "तेल मी स्वतः टाकलं होतं, पाहून घ्या." आम्ही पाहिले नाही. डीपस्टिक हाताच्या अंतरावर होती, तरी पाहिले नाही. त्याचा मार्चचा पगार बाकी होता, तो अडवून ठेवला. वस्तीतही सांगत सुटलो की पोराने गाडीची वाट लावली. परिणाम असा झाला की दुसऱ्या कोणी त्याच्या हाती स्टिअरिंग दिले नाही. तो धान कापणीच्या मजुरीला लागला.

बाबांना हे पटले नव्हते. "खाणीत पंप अडला तर आम्ही आधी पंप खोलत होतो, माणूस नाही," असे म्हणून त्यांनी आपल्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री बोलावले.

मिस्त्रीकाका आल्याबरोबर म्हणाले, "आता सेल्फ मारू नोका जी!" त्यांनी डीपस्टिक काढली. तेल पुरे होते. मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन फिरवून पाहिले. जरासे मागे फिरले, पुढे मात्र एकाच जागी अडले. "सीझ असते तर हललेच नसते," ते म्हणाले. वरचे टॅपेट कव्हर काढले. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली दबून तसाच अडकला होता. स्प्रिंगला तो वर ओढता येत नव्हता. सेल्फ मारला की पिस्टन वर येऊन त्यालाच धडकत होता. हीच ती खट्ट.

असे का झाले, तेही त्यांनी समजावले. चार सिलिंडरचे इंजिन कोठेही थांबो, एखादा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहतोच. सायलेंसरच्या पाइपातून पावसाळी ओल थेट तेथपर्यंत जाते. इंजिन अधूनमधून तापले तर ओल उडून जाते. महिनोन्महिने थंड राहिले तर वॉल्व्हची दांडी गाइडमध्ये गंजून धरते. आमचे इंजिन आठ महिने थंड होते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

मोठ्या भावाने हातोडी उचलली होती, ती काकांनी काढून घेतली. दांडी वाकली तर वॉल्व्ह गेला. त्यांनी पिस्टन खाली घेतला, दांडीच्या मुळाशी रॉकेल आणि इंजिन ऑइल सोडले आणि दोन दिवस गाडीला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी पान्याने वॉल्व्ह किंचित इकडे, किंचित तिकडे. दुपारपर्यंत तो सुटला. मग हेड उतरवले. दांडी तांबूस झाली होती, पण सरळ होती. गाइड साफ केला, पेस्ट लावून वॉल्व्ह हाताने घासून बसवला, वरून रॉकेल ओतून गळत नाही याची खात्री केली. हेड गॅस्केट नवीन टाकले. गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या पाव हिश्शातही काम झाले. लग्नाचे भाडे मात्र हातचे गेले.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ मावशीकडे गेलो. पैसे पुढे ठेवले. त्याने मोजून घेतले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विचारले, "कोणता वॉल्व्ह होता?"

"तिसऱ्याचा. एक्झॉस्ट."

"सायलेंसरच्या तोंडात चिंधी तरी कोंबायची होती," असे म्हणून तो आत निघून गेला. मावशीने चहा दिला, पण आमच्याशी ती बोलली नाही.

पैसे देणे सोपे होते. वस्तीत बोललेले परत घेणे जड गेले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभे राहून सर्वांसमोर सांगितले, की गाडी आमच्यामुळे बिघडली, पोराचा दोष नव्हता. सांगताना घसा कोरडा पडला होता.

धानाची मळणी आटोपल्यावर तो आला. किल्ली मागितली नाही. आधी बॉनेट उघडून डीपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि आमच्यासमोर धरली.