पत्रा कुठवर कापायचा?

मिशिगनमध्ये जुनी गाडी बघायला जाणारा जाणकार माणूस खिशात एक छोटंसं लोहचुंबक घेऊन जातो. इंजिन वगैरे नंतर. आधी तो दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीला, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांना चुंबक लावत फिरतो. चिकटलं तर आत पत्रा आहे. घसरून पडलं तर आत लांबी भरलेली आहे, आणि लांबीखाली काय आहे ते देव जाणे. वरून रंग मात्र झकास असतो! इंजिन गेलं तर दुसरं मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, काचा मिळतात. पत्रा सडला की गाडी संपली, असं इथे सरळ धरून चालतात.

माझ्या गॅरेजमध्ये गेली दोन वर्षं जी गाडी उभी आहे तिला चुंबक लावायची गरजच नव्हती. कोपऱ्यातून आरपार दिसत होतं. १९७२ची शेव्हरोले सी-१० पिकअप, सहा सिलिंडरची, मागे लांब हौदा, मूळचा रंग हिरवा. चॅसी नंबरात 'एफ' हे अक्षर आहे, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात जुळवलेली. ज्या राज्यात जन्मली त्याच राज्यात सडली, असं म्हणायला हरकत नाही.

गाडी शेजारच्या आजोबांची. त्यांनी ती नवी घेतली आणि जवळजवळ तीस वर्षं रोज वापरली. निवृत्त झाल्यावर घरच्या घरी गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा जोडधंदा काढला, तेव्हा दोन्ही दारांवर पांढऱ्या रंगात स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, त्याखाली कामाचं स्वरूप आणि त्याखाली फोन नंबर. ते गेल्यावर आजींनी मला विचारलं, "तू घेतोस का? भंगारवाल्याला द्यायची नाहीये मला." कागदावर काहीतरी किंमत लिहावी लागते म्हणून एक डॉलर घेतला. (इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारतो. लिहिताना मात्र 'आजी'च येतं, त्याला इलाज नाही.)

आता हा पत्रा सडतो कशाने, तर मिठाने. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. नुसत्या पाण्यानेही लोखंड गंजतंच, पण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. कडाक्याच्या थंडीत ही क्रिया मंद असते. ज्याने प्रेमाने गाडी उबदार गॅरेजमध्ये आणून ठेवली त्याच्या गाडीवरचा खारट बर्फ वितळतो आणि ती उलट जास्त जोमाने गंजते.

गंमत अशी, की डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे. जमिनीखाली अकराशे-बाराशे फुटांवर, ४० कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचं मीठ. तिथून काढलेलं मीठ रस्त्यावर पडतं. म्हणजे वर मोटारी बनवणारं शहर आणि त्याच शहराखाली त्या मोटारी खाणारं मीठ. मी रत्नागिरीचा. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजायचे आणि दर मे महिन्यात त्या गंजावरच आम्ही ऑइलपेंटचा एक हात मारायचो. चार-पाच वर्षांत गजापेक्षा रंग जाड! तेव्हा मीठ समुद्रातून येतं एवढंच माहीत होतं. इथे समुद्र शेकडो मैल लांब, तरी मीठ हजर.

पण सगळा दोष मिठाचाही नाही. गाडी सडते ती पाणी जिथे साचून राहतं तिथे. या ट्रकमध्ये पुढच्या काचेखाली हवा आत घेण्याच्या जाळ्या आहेत. त्यातून झाडाची पानं आत पडतात, कुजतात, त्यांचा चिखल होतो आणि पाणी जायची वाट बुजते. मग ते पाणी केबिनच्या तळाशी आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत उतरतं. दाराचंही तेच. काच खालीवर होते त्या फटीतून दारात पाणी जाणारच, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की दार आतून सडायला लागतं. बाहेर रंगावर लहानसा फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच आटोपलेलं असतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. फोड ही सुरुवात नव्हे, ती शेवटची सूचना.

त्यामुळे पहिलं काम कापणं नव्हे, उघडणं. सीट बाहेर, चटया बाहेर, दारांची आतली पॅनेलं बाहेर. आणि सगळ्यात आधी पेट्रोलची टाकी बाहेर. या ट्रकची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असते! ज्या कोपऱ्यांना वेल्डिंग करायचं त्यांच्या अगदी शेजारी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची, कारण आत वाफ असते. ती काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवल्याशिवाय मी ग्राइंडरचं बटणसुद्धा दाबलं नाही. शिवाय सीटमागे उंदरांनी वर्षानुवर्षं जमवलेला कापूस होता. एक ठिणगी पुरली असती. अग्निशामक नळकांडं हाताशी आणि काम संपल्यावर तासभर तिथून हलायचं नाही, हा माझा नियम.

डाव्या कोपऱ्यावरची लांबी खरवडली तेव्हा खाली एक ठिगळ निघालं. कसल्यातरी डब्याचा पत्रा सपाट करून, सडलेल्या पत्र्यावर ठेवून, रिव्हेट मारून बसवलेला. वर डांबरासारखं काहीतरी, त्यावर लांबी, त्यावर ब्रशने मारलेला हिरवा रंग. हे ठिगळ आजोबांचंच. अशा ठिगळाचा तोटा असा, की दोन पत्र्यांच्या मधल्या सांदीत पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. म्हणजे ज्या भोकासाठी ठिगळ लावलं ते भोक ठिगळामागे दुप्पट होतं. झालंही होतं. पुस्तकी हिशेबाने हे वाईट काम. पण मी ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो. रिव्हेट एकसारख्या अंतरावर, कडा कानशीने गोल केलेल्या. ज्या माणसाला सोमवारी सकाळी याच ट्रकने कामावर जायचं आहे, आणि हातात फक्त शनिवार-रविवार आहे, त्याचं हे काम होतं. त्याला ट्रक पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालवायचा होता, तो त्याने त्याच्यापुढे कितीतरी हिवाळे चालवला. माझ्या हाताशी वेळ आहे आणि माझा सोमवार या गाडीवर अवलंबून नाही, एवढाच काय तो फरक.

या कामातली कौशल्याची गोष्ट वेल्डिंग आहे असं लोकांना वाटतं. वेल्डिंग सरावाने जमतं. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. सलग रेघ ओढायला गेलात की तापून पापडासारखा वाकतो किंवा भोक पडतं. म्हणून टाके घालायचे. एक टाका इथे, एक चार बोटं लांब, मग हात लावण्याइतकं गार होईपर्यंत थांबायचं, मग मधे एक. तासाला वीतभर काम होतं. गोधडी शिवल्यासारखंच ते. तयार कोपरे आणि दाराखालच्या पट्ट्या विकत मिळतात, कारण या ट्रकचे शौकीन पुष्कळ. पट्टी कापण्याआधी केबिन वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या तात्पुरत्या जोडायच्या आणि दार लावून फट पुनःपुन्हा तपासायची. हे सगळं चिकाटीचं काम आहे, अवघड नव्हे.

अवघड गोष्ट म्हणजे कुठवर कापायचं हे ठरवणं. सडलेल्या पत्र्याला टाका बसत नाही, धातू वितळून निघून जातो. म्हणून निकोप, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे मागे जावं लागतं. पेन्सिलने रेघ मारावी, घासून बघावं, खाली काळे ठिपके दिसले की रेघ आणखी एक इंच वर. कमी कापलं तर पाच वर्षांनी तेच. जास्त कापत गेलं तर शेवटी नव्या पत्र्यावर जुना नंबर तेवढा उरतो.

जिथे गंज वरवरचा आहे, पत्रा जाड आणि शाबूत आहे, तिथे कापायची गरज नसते. तिथे फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचं द्रावण लावतात, त्याने गंजाचं रूपांतर स्थिर काळ्या थरात होतं. टॅनिन आणि लोखंडाचा तो काळा रंग आपल्याला नवा नाही. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो त्यानेच. हिरडा आणि हिराकस यांची शाईही तीच. आणि फॉस्फेटचं म्हणाल तर दिल्लीचा लोहस्तंभ. तो सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याचं कारण आयआयटी कानपूरच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी शोधून मांडलं. त्या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादाहून कितीतरी जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. म्हणजे तो स्तंभ गंजला नाही असं नाही. थोडासा गंजला, आणि त्या गंजानेच पुढचा गंज अडवला. आपल्या पत्र्याचं मात्र असं होत नाही. त्याचा गंज भुसभुशीत, पाणी धरणारा.

असो. तर प्रश्न उजव्या दाराचा होता. डावं दार सोपं होतं, गंज अक्षरांपासून लांब. उजव्या दाराचा तळ पाच इंच सडलेला, आणि गंज फोन नंबरापर्यंत चढलेला. आकड्यांच्या खाली फोड आले होते. तयार नवं दार मिळतं, स्वस्तही पडतं. ते लावलं तर अक्षरं गेली. जुनं दार तसंच ठेवून फोडांवर द्रावण मारून वरून लाखेचा हात दिला, तर अक्षरं दोन-तीन हिवाळे टिकतील आणि मग नावासकट गळून पडतील. रत्नागिरीच्या गजांसारखं. मधला मार्ग म्हणजे नंबराच्या वरून कापायचं. नाव राहील, काम राहील, नंबर जाईल.

मी तीन आठवडे त्या दाराला हात लावला नाही. शेवटी आजींना बोलावून पेन्सिलची रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं, फोडावर नख टेकवलं. नख आत गेलं.

"काप की," त्या म्हणाल्या. "तो असता तर एव्हाना कापून मोकळा झाला असता."

"पण नंबर जाईल."

"नंबर कुठे जातोय? माझ्याकडे आहे. ज्यांना फोन करायचा असतो ते करतात अजून."

तेव्हा मला कळलं की त्यांच्या घरचा फोन अजून तोच आहे, आणि कधीमधी एखादा जुना गिऱ्हाईक यंत्र चालत नाही म्हणून अजूनही त्यावर फोन करतो. त्या त्याला सांगतात, की ते आता नाहीत. मग थोडा वेळ गप्पा होतात.

त्याच संध्याकाळी कापलं. नवी पट्टी कडेला कड लावून जोडली, सांदी न ठेवता. जुलैच्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभरात लाल होतो, म्हणून झोपण्याआधी प्रायमर. आतून पोकळीत मेण फवारलं, तळाची भोकं तारेने मोकळी केली आणि वरून बादलीभर पाणी ओतून ते सगळं खाली गळतंय का ते बघितलं. गळलं. दुरुस्तीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच, आणि त्याला ना वेल्डिंग लागतं ना रंग.

दाराचा खालचा भाग सध्या प्रायमरच्या करड्या रंगात आहे. हिरवा रंग जुळवून देणारा माणूस सापडला आहे, पण जुन्या उन्हाने फिका पडलेला हिरवा आणि नवा हिरवा यांतली रेघ दिसणारच. दिसू दे. नंबर पुन्हा लिहायचा का, हे मी आजींना विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. केबिनचा तळ अजून बाकी आहे, उजव्या बाजूचा. तो नोव्हेंबरच्या आत व्हायला हवा.