पाहुण्यांचा पौंड

आपल्याकडे पाहुण्याला खर्चात पाडत नाहीत. त्याने खिशात हात घातला, की यजमान तो हात धरतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथ, ब्रायटन, हेस्टिंग्ज या गावांत परदेशी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा आहेत. अशा शाळांत सप्टेंबर सरता सरता एखाद्या सकाळी नेमकं उलटं घडतं. जगभरातून आलेले पाहुणे केक करतात, विकतात, विकत घेतात आणि यजमानांच्या आजारी माणसांसाठी देणगीचा डबा भरतात. मला ही सकाळ फार आवडते.

पैसे जातात 'मॅकमिलन' या कर्करुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थेकडे. वडील कर्करोगाने गेले, त्या दुःखातून डग्लस मॅकमिलन यांनी १९११ साली ती सुरू केली. १९७५ पासून संस्थेच्या पैशातून खास परिचारिका उभ्या राहिल्या. १९९० च्या सुमारास कॉफीच्या सकाळची प्रथा पडली : चार माणसं जमवायची, कॉफी पाजायची आणि तिचे पैसे डब्यात टाकायचे. आता ती कचेऱ्यांत होते, चर्चमध्ये होते, घराघरांत होते. पण भाषेच्या शाळेत तिला वेगळंच तेज चढतं.

कारण तिथला विद्यार्थी दिवसभर घेणारा असतो. शब्द विचारायचा, रस्ता विचारायचा, बोललेलं पुन्हा सांगा म्हणायचं. घरी मोठा वकील असला, तरी इथे तो दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे पाठ्यपुस्तकातले संवाद म्हणत बसतो. त्या सकाळी मात्र दुकान खरं असतं. ब्राझीलची मुलगी ब्रिगादेइरो घेऊन उभी असते. आटवलेलं गोड दूध, कोको आणि लोणी यांचे हे छोटे लाडू. चाळीसच्या दशकात एका ब्रिगेडियरच्या निवडणुकीसाठी बायकांनी ते विकून पैसे जमवले, असं तिच्या देशात सांगतात. म्हणजे या गोडाला पैसे गोळा करायची सवय जुनीच! शेजारी तुर्की बाकलावा, पलीकडे शिक्षिकेच्या घरचा लिंबाचा केक. यात शेंगदाणे आहेत का? अंडं? दूध? इंग्लंडच्या कायद्यात अशा चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. नीट सांगितलं नाही, तर खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. एरवी तोंड न उघडणारा मुलगा इथे ठामपणे 'अक्रोड आहेत, तुम्ही खाऊ नका' असं सांगतो. वर्गात कितीही घोकलं, तरी ही जबाबदारी तिथे येत नाही.

आणि मग कपभर कॉफीवर कुणीतरी विचारतं, तुझ्या घरी कुणाला कर्करोग झाला होता का? आजीला, आईला, धाकट्या मामाला. मोडक्यातोडक्या वाक्यांत रुग्णालयं येतात, केस गळणं येतं, विमानतळावरचा निरोप येतो. कार्यालयातली बाई, सफाई करणारा माणूस, मुख्याध्यापक, सगळे उभ्या उभ्या ऐकत असतात. एकाच शाळेत राहून महिनोन्‌महिने जे बोलणं झालेलं नसतं, ते त्या अर्ध्या तासात होतं.

दुपारी शिक्षिका आणि एक विद्यार्थी मिळून पैसे मोजतात. तिथे एक बारीक फरक कळतो. इंग्लंडमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्याने एक पौंड निव्वळ देणगी म्हणून देताना तसं लिहून दिलं, तर सरकारकडून संस्थेला वर पंचवीस पेन्स मिळतात. शिक्षिकेचा पौंड असा सव्वा होतो, कर न भरणाऱ्या विद्यार्थ्याचा एकच राहतो. पण फक्त इंग्रजी शिकण्यासाठी मिळणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या व्हिसावर कामाची परवानगीच नसते. असा विद्यार्थी जो पौंड टाकतो, तो घरून आलेला किंवा यायच्या आधी राबून साठवलेला असतो. शिवाय ज्या परिचारिकेसाठी तो देतो, तिची सेवा त्याच्या स्वतःच्या आईला कधी मिळणार नाही. हे त्याला पुरतं ठाऊक असतं. तरी तो टाकतो, आणि उरलेला बाकलावाही पूर्ण किंमत देऊन खोलीवरच्या मित्रांसाठी बांधून घेतो.