एसी पंप ते फ्युएल रेल

मे महिन्यातला बोरघाट, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली पद्मिनी आणि पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं! पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. इंजिनालाच बोल्टने आवळलेला तो पंप, गॅरेजच्या भाषेत एसी पंप, तापला की पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटर कोरडा पडायचा. फडकं भिजवायचं, थोडं थांबायचं, पुन्हा सेल्फ मारायचा.

त्या पंपाचं प्रेशर असायचं जेमतेम ३-४ पीएसआय. पण हौशी मंडळी पद्मिनीचं हेड घासून घेत, जेट मोठे करत, आणि मग वरच्या आरपीएमला गाडी गचके द्यायला लागली की त्या तीन-चार पीएसआयची किंमत कळायची. उस्ताद कॉइलची वायर काढायचा, कार्बोरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरायचा आणि सेल्फ मारायला सांगायचा. धार जाड आणि ठोक्यागणिक उसळत आली तर पंप ठीक. बुडबुडे आले तर टाकीकडच्या लाइनमधून हवा ओढली जातेय. धार बारीक असेल तर फिल्टर चोंदलाय किंवा डायफ्रॅम गेलाय. पंपाखाली बॅकेलाइटचा ठोकळा आणि कागदी पॅकिंगं असत. एक पॅकिंग कमी केलं की पंप चालवणाऱ्या दांड्याचा स्ट्रोक वाढायचा. ते अती झालं तर फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नसे आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो व्हायचा. शेवटी प्लग काढून रंग बघायचा: चॉकलेटी म्हणजे जमलं, पांढुरका म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त. गेज नव्हतं, पण तपासणीचा क्रम पक्का होता. त्या माणसांबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली आणि कार्बोरेटर मागे पडला. पंप टाकीत गेला. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या फ्युएल रेलमधलं प्रेशर ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या वर. घाटातली ती रखडपट्टी संपली, हे चांगलंच झालं.

आज टर्बो बसवलेल्या गाडीला फिरवता येणारा रेग्युलेटर लावतात. त्याची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, इंजिन आयडलला ठेवायचं आणि स्क्रू फिरवून गेजवर ३ बार आणायचे. नळी परत जोडली की काटा साधारण अडीचवर उतरतो. पुढे १ बार बूस्ट आला की तो ४ वर गेला पाहिजे. कारण इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक कायम ३ बारच राहायला हवा. संगणकाचा सगळा हिशेब त्यावर बेतलेला असतो.

बिघाडही काट्यावर वाचता येतो. स्क्रू पूर्ण सैल करूनही प्रेशर उतरत नसेल तर रिटर्नची लाइन अरुंद आहे किंवा दबलीय. व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम फाटलाय. गाडी बंद करताच काटा खाली आला तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर बघा. सगळ्यात घातक म्हणजे आयडलला ठीक असणारं प्रेशर फुल थ्रॉटलला ढासळणं. तिथे आधी फिल्टर, मग चालू पंपाच्या टर्मिनलवर मिळणारे व्होल्ट, आणि त्यानंतर पंप. जुनी, बारीक वायर असेल तर नवाकोरा पंपही अर्धपोटी चालतो.

आणि इथेच मला जुन्या उस्तादांची उणीव जाणवते. पेट्रोल पोचतंय का, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. आता बरेचजण आधी लॅपटॉप उघडतात आणि मॅपमध्ये पेट्रोल वाढवून मोकळे होतात. काहीजण रेग्युलेटरच आवळतात. पण प्रेशर दुप्पट केलं तरी इंजेक्टरमधून पेट्रोल वाढतं सुमारे ४१ टक्के, आणि वाढलेल्या दाबाला पंपाचा पुरवठा उलट घटतो. बूस्टवर मिक्स्चर लीन झालं की पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

तेव्हा गाडी ट्यून करून घेणाऱ्यांना कळकळीची विनंती: आधी गेज किंवा सेन्सर बसवून घ्या, गॅरेजमधल्या आयडलवर विसंबू नका आणि डायनोवर पूर्ण लोडला प्रेशर टिकतंय हे पाहिल्याशिवाय बूस्ट वाढवू देऊ नका.