नामा म्हणे, पण कोणता नामा?

नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, असं परंपरा सांगते. सगळं घरदार त्या कामाला लागलेलं, जनाबाईसुद्धा. हिंगोलीजवळच्या नर्सीत, कयाधूच्या काठी गेलं की हात जोडता जोडता मला भलताच प्रश्न पडतो: एवढ्या अभंगांचा हिशेब ठेवायचा कसा? (पुस्तक लिहायला घेतलेल्या माणसाला देवळातही कागदच दिसतात.)

त्यांची सोय अभंगातच होती. शेवटच्या चरणात नाममुद्रा. ‘नामा म्हणे’ आलं की धनी कळला. मग तो अभंग कीर्तनातून कुठल्या का गावी जाईना. जनीने तर आपल्या नावाला नामयाचं घरही जोडून ठेवलं.

पण सोळाव्या शतकात विष्णुदास नामा झाला. तोही नामाच! बाडं उतरवणाऱ्यांच्या हातून दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या. १९७० साली शासनाने गाथा छापली, तरी कोणता अभंग कोणाचा, हा वाद अभ्यासकांत उरलाच.

आणि याच नामदेवांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथात जागच्या जागी आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तो आधी रागांप्रमाणे लावला, मग रागात रचनाकारांप्रमाणे, आणि पदांना क्रमांक दिले. मधेच कोणी काही घुसवलं तर मोजणीच चुकणार. नुसत्या नावाने जे साधलं नाही, ते नाव, जागा आणि आकडा या तिघांनी साधलं.

माझ्या फायलींची नावं मी त्याच धाटणीने ठेवतो: ‘०३_कयाधू_२०२५-०१-१४’. आधी प्रकरण, मग विषय, मग तारीख. क्रमांक दोन आकडी, कारण पुष्कळ याद्यांत १० हा आकडा २ च्या आधी जाऊन बसतो. तारखेत वर्ष पुढे, म्हणजे खर्डे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. मोडीत काढलेले खर्डे ‘जुने’ या फोल्डरात, पुसायचे नाहीत.

‘अंतिम’ हा शब्द मात्र माझ्याकडे वर्ज्य. एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा शके १५०६ असा काळ नोंदवला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असंही बजावलं. नाथांना शक लिहावासा वाटला. तुमच्या संगणकावर ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम खरं’ शेजारी नांदत असतील, तर आज तिघांनाही तारीख घाला.