रात्री दहाची गोळी

तात्या गेल्यावर, गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी, दारावर बसलेल्या सगळ्या माणसांसमोर, त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "अफूची गोळी देऊन झोपवला माझ्या भावाला." ते माझ्याकडे बघून बोलले असते तर मी गिळून टाकलं असतं. पण त्यांची मान माजघराकडे वळली होती. तिथे तात्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती, आणि रात्री दहाची ती गोळी तिने दिली होती. या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. पारोळा, एरंडोल, कधी अमळनेरकडची गावं. ज्यांचे उपचार संपलेत त्यांच्या घरी आम्ही जातो. एक निवृत्त सिस्टर, एक औषध दुकानदार, मी शाळेतून निवृत्त झालेली, अशी माणसं. एक डॉक्टर फोनवर असतात, गरज पडली की धुळ्याहून येतात. जखम धुणं, तोंड साफ करणं, कूस बदलायला शिकवणं, घरच्यांना दोन तास झोपू देणं. माणूस गेल्यावरही काही महिने त्या घरी जाणं आम्ही सोडत नाही.

तात्या कापसाचे शेतकरी. तंबाखू-चुना लहानपणापासून. जबड्याचा कॅन्सर. मुंबईला टाटामध्ये ऑपरेशन, शेक, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतला मुक्काम, हे सगळं झालेलं. रोग उलटला आणि ते घरी आले. गालावरची जखम उघडी होती आणि वास एवढा की गल्लीतल्या माणसांनी ओसरीवर बसणं सोडलं. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेत भरली की चार-पाच दिवसांत वास पुष्कळ उतरतो. औषध साधं, स्वस्त, पण ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वास उतरला, तरी माणसं परत आली नाहीत.

दुखणं मात्र पुडीने जाणारं नव्हतं. रात्री ते भिंतीवर डोकं आपटायचे. डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 अशा वेळा. रात्रीचा डोस दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कुणाला उठावं लागत नाही. बद्धकोष्ठ होणारच, म्हणून सोबत जुलाबाचं औषध. तात्यांच्या नाकात नळी होती. गोळी पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची आणि वहीत वेळ लिहायची. तात्यांच्या बायकोला, वहिनींना, लिहिता येतं. त्यांनी एकही वेळ चुकवली नाही.

पहिले दोन-तीन दिवस तात्यांना गुंगी होती, बहुतेकांना येते. मग ती उतरली. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून नातवाची पाटी उशाशी ठेवली होती. एका सकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, "कापूस काय भाव?" वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. पुढचे पाच आठवडे तो माणूस त्या घरातला कर्ता होता. कुणाचे किती देणे, विहिरीतला वाटा कसा, मोटर कुठे दुरुस्तीला टाकली आहे, सगळं त्यांनी पाटीवर उतरवलं. हे वहिनींच्या थोरल्या दिरांनीही पाहिलं होतं, म्हणून तर मला त्यांचं बोलणं सहन झालं नाही.

शेवटचे तीन दिवस लघवी कमी झाली, पाय गार पडू लागले, श्वास मध्येच थांबून पुन्हा चालू व्हायचा. शरीर आवरतं घेताना हे असंच होतं, ते गोळीने होत नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टर येऊन गेले, डोस तोच ठेवला. रात्री दहाला वहिनींनी गोळी दिली. पहाटे साडेचारच्या सुमाराला तात्या गेले.

गंधमुक्तीनंतर मंडप निघाला. मी गेले तेव्हा वहिनींनी ती वही पुढे ठेवली आणि विचारलं, "ती गोयी मीच दिनी ना, ताई?"

पुढे किती वेळा विचारलं त्याला गणती नाही. आम्ही वही घेऊन बसायचो. मी दाखवायचे: तोच डोस, त्याच वेळा, कित्येक आठवडे. गोळीचा जोर तासाभरात चढतो, श्वासावर घाला घालायचा असता तर अकरा-बारालाच घातला असता. साडेचारपर्यंत कशाला थांबेल? त्या मान हलवायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. ज्याला नियमाने औषध चालू आहे त्याचा कुठला तरी डोस शेवटचा असणारच, आणि तो कुणाच्या तरी हातून दिला जाणारच. ज्या बाईने एवढे आठवडे दिवसाचे पाच डोस घड्याळ बघून दिले, तिच्या वाट्याला नवऱ्याच्या जाण्याचं ओझं का यावं? आणि ज्यांनी एकदाही जखम धुतली नाही, त्यांनी हे ओझं सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर ठेवावं? हा अन्याय आहे. मी हे त्या घरात बोलले, इथेही लिहिते.

अफूची भीती आपल्या हाडात आहे, हे कबूल. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि ती भीती दवाखान्यांतही शिरली. एका गोळीसाठी इतके परवाने की औषधवाल्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 साली कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरी आमच्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात मी विचारलं तेव्हा खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नशेसाठीच मागते आहे. खानदेशाच्या वर, माळव्यात नीमचला सरकारी कारखान्यात अफूपासून मॉर्फिन काढतात. एवढ्या जवळ ते तयार होतं, आणि आमच्या गावातली माणसं भिंतीवर डोकं आपटतात. केरळात 1993 साली कोझिकोडला आमच्यासारखंच काम सुरू झालं, पुढे शेजाऱ्यांचे गट उभे राहिले, 2008 मध्ये तिथल्या सरकारने धोरण केलं. तिथे शेजारी माणूस जिवंत असताना येतो. आमच्याकडे सगळं गाव दारावर येतं, पण गेल्यावर.

हे मी नेहमी रागाने म्हणायचे. सतरंजीवर बसून पाऊसपाण्याच्या गप्पा मारणाऱ्यांचा काय उपयोग, असंच वाटायचं. वहिनींना एकदा तसं बोलले, तर त्या म्हणाल्या, "ते लोक होते तोवर बरं होतं, ताई. नंतरच घर खायला उठलं." त्यांना दुखावणारं वाक्य त्याच गर्दीत बोललं गेलं होतं, आणि आधारही त्याच गर्दीचा वाटला होता. मला हे अजून नीट जुळवता येत नाही.

थोरल्या दिरांकडे, अण्णांकडे, मी नंतर गेले. भांडायलाच गेले होते. अण्णा निवृत्त मास्तर, घरात विनोबांची 'गीता प्रवचने'. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं, याचा त्यांना फार अभिमान. त्यांनी आठवा अध्याय उघडून माझ्यासमोर ठेवला. अंतकाळी मन कुठे असतं, त्याची तयारी जन्मभर करायची, असा त्यातला विचार. अण्णा म्हणाले, "माझा भाऊ शुद्धीत असता तर मी त्याच्या कानात नाव घेतलं असतं. तेवढंही राहिलं." आणि रडले.

गोळीपेक्षा हे दुःख वेगळं होतं. मी त्यांना सांगितलं की शेवटची ती झोप रोगाची होती, गोळी नसती तरी आली असती. सांगितलं की डोकं आपटणाऱ्या माणसाच्या मनात नाव येत नाही, आकांत येतो. त्यावर ते म्हणाले, "विनोबांनी शेवटी औषध घेतलं नाही." खरं आहे. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडलं. पण ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तात्यांनी पाटीवर काय लिहिलं होतं? "गोळी टायमावर दे." वहिनींनी ती पाटी पुसलेली नाही. ती अण्णांना दाखवावी, असं मी म्हणते. त्या म्हणतात, "नको, त्यांना लागेल." जे एवढं बोलले त्यांनाच लागेल म्हणून!

अण्णांचं दुःख मला कळलं. तरी त्या वाक्याची माफी मी मनातून दिलेली नाही. दारावर जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: औषध कोणतं, डॉक्टर कोणता, मुंबईला का नेलं नाही, यातलं काहीही त्या दिवसांत बोलू नका. जेवण आणा, गुरांना चारा टाका, वीजबिल भरून या. आणि महिन्याभराने पुन्हा या.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला आहे. मॉर्फिन सुरू करताना घरातल्या थोरल्यांना, भावकीला बसवून डॉक्टरांच्या तोंडून सगळं सांगतो. शेवटच्या दिवसांत काय काय होईल, तेही. ज्याला कानात नाव घ्यायचं आहे त्याने आजच यावं, उद्यावर टाकू नये, हेही सांगतो.

पण दारावर बोललेलं ते वाक्य गाव सोडून पुढे गेलं आहे. त्या बाजूच्या एका खेड्यात एक म्हातारी आहे, स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. कूस बदलली तरी ओरडते. तिच्या मुलाने गोळ्यांचं पाकीट आमच्या सिस्टरांना परत दिलं. म्हणाला, तिकडे तात्यांना दिली होती तीच ना ही? गुरुवारी डॉक्टरांना घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत. अण्णांनाही चला म्हणून फोन केला आहे, कारण त्या मुलाला त्यांनीच शाळेत शिकवलं. ते अजून हो म्हणालेले नाहीत. वहिनी मात्र येणार आहेत, वही घेऊन.