हमिंग कुठून येतंय?



मिस्सामध्ये शांततेच्या जागा ठरलेल्या आहेत. पश्चात्तापाच्या वेळी, वाचनानंतर, प्रवचनानंतर आणि परमप्रसाद घेतल्यावर. या जागा रिकाम्या नसतात. तिथे आपण प्रत्येक जण आपापले काहीतरी देवापुढे ठेवतो. गेल्या उपवासकाळात आमच्या चर्चमधल्या या सगळ्या जागा एका आवाजाने भरून गेल्या होत्या. घूंऽऽ असा, सखल, न थांबणारा. साउंडवाले त्याला ‘हमिंग’ म्हणतात.

उपवासकाळात वाद्ये फक्त गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची असतात. त्यामुळे गिटार नेहमीपेक्षा हळू आणि हमिंग नेहमीपेक्षा उघडे, असे झाले. साहजिकच सगळ्यांचे लक्ष आमच्या गिटारवाल्या मुलाकडे गेले. हा मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जातो. स्वतःच्या पगारातून त्याने सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि गायकवृंदात आला. आता लोक म्हणू लागले, “जुनी गिटार, दुसरं काय होणार? कीबोर्ड आहे की, पुरे तेवढं.”

एका संध्याकाळी सरावानंतर तो माझ्याकडे आला. म्हणाला, “टीचर, गिटार खराब असेल तर मी आणत नाही. पण वाजवताना माइकला तोंड लागलं की ओठाला झिणझिण्या येतात. ते बघा की कुणीतरी.”

मी कला शाखेची पदवीधर. विजेचे मला फारसे कळत नाही, पण हे वाक्य ऐकून सोडून देण्यासारखे नाही, एवढे कळले. मी फादरांना सांगितले आणि तपासणी होईपर्यंत ॲम्प्लिफायरचा प्लग काढून ठेवायचे ठरले. आमच्याच धर्मग्रामातले एक काका वायरमन आहेत, त्यांना बोलावले. काकांनी मला आधी एक गोष्ट समजावली. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरशी. दोन्हींपैकी एकाचेही अर्थिंग तुटलेले असेल, तर एक हात तारांवर आणि ओठ माइकवर ठेवणारा माणूस स्वतःच मधली वायर होतो. हे नुसते घाबरवण्यासाठी सांगत नाही. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी अशाच धक्क्याने स्टेजवर गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता.

मग हे हमिंग म्हणजे काय? आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० फेरे घेणारी. तिची वायर जिथून जाते तिथे आजूबाजूला तिचे चुंबकीय क्षेत्रही तेवढ्याच वेगाने हेलकावत असते. गिटारच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेली बारीक तारेची कॉइल असते, तिला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की कॉइलमध्ये वीज निर्माण होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधले. तो लंडनच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत वडील म्हणूनही सेवा करीत असे. पण कॉइलला निवड करता येत नाही. ती तारेचेही ऐकते आणि भिंतीतल्या वायरचेही. म्हणून १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन कॉइलचे पिकअप तयार केले. दोन्ही कॉइलमधले हमिंग एकमेकांच्या उलट येऊन पुसले जाते आणि तारेचा आवाज मात्र मिळून वाढतो. आमच्या मुलाची गिटार एका कॉइलच्या पिकअपची आहे. म्हणजे थोडी घरघर तिच्या जन्माबरोबरच आलेली.

काकांची तपासायची पद्धत मला फार आवडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ऐकायचे आणि लिहून ठेवायचे. लिहिण्याचे काम माझे. प्लग काढल्यावर आधी त्यांनी वेदीजवळचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. बाहेरून तीन भोकांचा, आत मात्र दोनच वायरी. अर्थच्या भोकामागे काहीही नव्हते. कुठल्याशा सणाला घाईत बांधलेला तो बोर्ड वर्षानुवर्षे तसाच वापरात होता. झिणझिण्यांचे मूळ सापडले. काकांनी तीन वायरींची नवी केबल घातली. चर्चमागचा अर्थिंगचा खड्डाही पाहिला. कोळसा आणि मीठ भरलेला तो खड्डा मार्चच्या उन्हात कोरडा ठणठणीत पडला होता. त्यात बादल्या ओतल्या. मग बल्ब लावून अर्थ नीट मिळतो का ते तपासले.

आणि ॲम्प्लिफायर सुरू केला तर हमिंग आधीपेक्षा मोठे!

बघायला जमलेल्यांचे चेहरे पडले. एक बंधू, मनाने अगदी चांगले, पुढे येऊन म्हणाले, “आधीच बरं होतं की. त्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, गप्प होतंय बघा.” खरी गोष्ट ही की, पिन काढली असती तर आवाज नक्कीच गेला असता. रविवारी सगळे खूश झाले असते. काकांनी मात्र प्लग हातात धरून दाखवला. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, कारण वीज यायच्या आधी तिने जमिनीशी नाते जोडायचे असते. आत कधी काही बिघडले, तर धोक्याची वीज तिच्या वाटेने जमिनीत जाते. ती काढली की तीच वीज वाजवणाऱ्याच्या अंगातून वाट शोधते.

पुन्हा वही घेतली. गिटारची वायर काढली, हमिंग तसेच. म्हणजे गिटारचा दोष नाही. मग ॲम्प्लिफायरमधून मिक्सरकडे जाणारी केबल काढली, हमिंग एकदम बंद. ॲम्प्लिफायरची वीज वेदीजवळून येत होती, मिक्सरची साक्रिस्तीतल्या बोर्डातून. दोन्हीकडे आता अर्थिंग होते, पण दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये किंचित फरक होता. त्या फरकामुळे केबलच्या जाळीतून थोडी वीज गोल फिरत होती. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. उपाय सोपा निघाला. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डातून वीज दिली आणि हमिंग गेले. जिथे असे करता येत नाही तिथे मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावतात. तो आवाज पुढे जाऊ देतो आणि फिरणारी वीज तोडतो. प्लगची पिन तिच्या जागी राहते.

उरली ती कॉइलची बारीक घरघर. पंख्याच्या रेग्युलेटरपासून दोन पावले बाजूला सरून आणि थोडे वळून उभे राहिले की ती कमी होते. तारांवर हात टेकवला तरी कमी होते, आणि हे नेहमीचेच आहे. उरलेली आम्ही चालवून घेतो.

बंधुभगिनींनो, यिर्मया संदेष्टा त्याच्या काळातल्या पुढाऱ्यांवर रागावला होता, कारण शांती नसताना ते शांती आहे म्हणून सांगत होते आणि लोकांची जखम वरवर बांधत होते. सहाव्या अध्यायात हे आहे, जरूर वाचा. प्लगची पिन काढण्याचा सल्ला मला त्याच जातीचा वाटतो. आपल्या घरांत, समित्यांत, गायकवृंदातही आपण असे करतो. कुणी तक्रार केली की त्यालाच बाजूला केले की झाले. आवाज थांबतो आणि दोष आत तसाच राहतो. आमच्याकडे तो मुलगा गेला असता, तर त्याच्याबरोबर झिणझिण्यांची गोष्टही गेली असती आणि त्या माइकपुढे दुसरे कुणीतरी उभे राहिले असते. स्तोत्र गाणारी आमची मुलगी दहावीत आहे.

दुसरे असे की, खरी दुरुस्ती सुरू झाली की आवाज आधी वाढू शकतो. पापनिवेदनाआधी विवेकाची तपासणी करताना हा अनुभव पुष्कळांना येतो. बरे वाटायला गेलो आणि अस्वस्थता वाढली, म्हणून लोक मध्येच सोडून देतात. त्या क्षणी वही मिटायची नाही. कुठली केबल राहिली ते बघायचे.

तुमच्या चर्चमध्ये गिटार, कीबोर्ड, माइक असतील तर एवढे करा. ओठाला किंवा हाताला झिणझिणी आली असे कुणीही सांगितले, लहान मुलाने जरी सांगितले, तरी लगेच प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. बोर्ड स्वतः उघडू नका. अर्थची पिन तोडलेले प्लग दिसले तर बदलून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. हे काम कुणाचे ते नावानिशी ठरवून ठेवा. आमच्याकडे ते त्या गिटारवाल्या मुलाने मागून घेतले आहे.

हे प्रभू, आमच्यातला जो आवाज आम्हाला नकोसा होतो, तो काय सांगतो आहे ते ऐकण्याचा धीर आम्हाला दे. सांगणाऱ्याला गप्प करण्यापासून आम्हाला आवर. आमेन.