नानांचं शीड

पुनावळ्यात आमचं घर नवव्या मजल्यावर. ईशाची नमाज झाल्यावर गॅलरीत बसलो की वारा नुसता घोंगावत असतो. अशा वेळी नाना आठवतात.

माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठचं. नाना शिडाच्या गलबतावर तांडेल होते. मतलई वारा कधी पडेल, खारा कधी उठेल, हे त्यांना गालाला कळायचं. पुढे इंजिनं आली आणि शिडं माळ्यावर गेली. मामू मोठ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागले. सुट्टीवर आले की त्यांच्या बॅगेलाही जळक्या तेलाचा वास यायचा, आणि खोकला तर कायमचाच.

माणसाने हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के जहाजांचे असतात. म्हणून आता शीड परत येतंय. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ हे मालवाहू जहाज ३७.५ मीटर उंचीचे दोन ताठ पंख उभारून चीनहून ब्राझीलकडे निघालं. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचल्याचं कंपनीने सांगितलं.

हे पंख वळवतं कोण? कंट्रोलर. माझा धंदाच तो, म्हणून जीव गुंतला. स्कूटरवर बसलं की वारा समोरूनच येतोय असं वाटतं, तसंच जहाजाचं. खरा वारा आणि स्वतःचा वेग मिळून जो वारा लागतो, त्याच्याशी पंखाचा कोन जुळवावा लागतो. कोन कमी पडला तर ओढ नाही, जास्त झाला तर पंखावरचा प्रवाह तुटतो. जहाज भरलेलं की रिकामं, लाटा कुठून, यावर गणित बदलतं. ठरीव आकडे पुरत नाहीत. म्हणून कंट्रोलरने परिणाम पाहत स्वतःचे आकडे बदलत राहायचं. याला अनुकूली नियंत्रण म्हणतात.

पण शिकणारं यंत्र चुकीचंही शिकतं. चाकणच्या एका कारखान्यात मी बसवलेला असा कंट्रोलर सैल वायरीची थरथर खरी मानून शिकत गेला, आणि यंत्राचा हात झटक्यात पुढे आला. समोरचा पोरगा वीतभर अंतराने वाचला. चूक माझीच होती. शिकण्याला मी हद्दच घातली नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही.

नाना एकदा खाडीच्या तोंडाशी, वारा चांगला असताना शीड उतरवून थांबले होते. अर्धा दिवस गेला, व्यापाऱ्याने पैसे कापले. अम्मी सांगते, नाना एवढंच म्हणाले, “वारा पाहुणा आहे, नोकर नाही.”

आता भाचा जहाजावर जायचं म्हणतोय. त्याच्या जहाजाला पंख असावेत, म्हणजे मामूंचा खोकला त्याच्या वाट्याला येणार नाही. आणि त्या पंखांना शिकवणाऱ्याला, शीड कधी उतरवायचं हेही ठाऊक असावं. एवढीच दुआ.